चरबीचे निरोप, इन्सुलिनची सुई

मावशीच्या बेंबीच्या उजव्या बाजूला, चार बोटांवर, सुपारीएवढी एक गाठ होती. ती दुखत नव्हती, लाल नव्हती, नुसत्या डोळ्यांना दिसतही नव्हती. बोटाने चाचपलं की कातडीखाली रबरासारखं काहीतरी लागायचं. सहा वर्षं मावशी रोज रात्री इन्सुलिन घेत होती आणि तिथंच टोचत होती, कारण तिथं दुखायचं नाही. गेल्या वर्षी मी तिला मधुमेहाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले, तेव्हा तिथल्या सिस्टरांनी तिला टेबलावर झोपवून पोटावरून हात फिरवला. सहा वर्षांत असं कुणी केलं नव्हतं.

"काकू, सुई रोज इथंच टोचता ना?"

"हो. इथं कळतसुद्धा नाही."

"कळणार कसं? इथं चरबीची गाठ झालीय. औषध त्यातच अडकून बसतं. कधी भराभर सुटतं, कधी सुटतच नाही."

मावशीची सकाळची शुगर एक दिवस ९० आणि दुसऱ्या दिवशी २४० का येते, याचा निम्मा उलगडा तिथंच झाला. परत येताना रिक्षात मावशी म्हणाली, "अगं, म्हणजे इन्सुलिननं चरबी वाढते? आणि चरबीनं शुगर वाढते असं तर सगळेच सांगतात. मग हे औषध घेऊन मी करतेय तरी काय?"

प्रश्न अगदी रास्त होता. स्थूलपणातून येणाऱ्या मधुमेहाची सगळी गुंतागुंत त्या एका प्रश्नात आहे. त्याचं उत्तर शोधायचं तर आधी इन्सुलिनकडे आणि मग चरबीकडे नव्याने पाहावं लागतं.

इन्सुलिनला आपण साखर उतरवणारं औषध समजतो. शरीराच्या दृष्टीने ते भरल्या पोटाचं हार्मोन आहे. जेवण झालं की स्वादुपिंडातून ते रक्तात येतं आणि सगळीकडे एकच सांगावा धाडतं: आलेलं धान्य भरून ठेवा. स्नायू साखर उचलतात, यकृत साखर बनवणं थांबवतं आणि चरबीच्या पेशी आपली दारं आतून लावून घेतात. जे साठवलंय ते बाहेर सोडायचं नाही, उलट नवीन आत घ्यायचं. रोज एकाच जागी टोचत राहिलं तर त्या जागेच्या मेदपेशींना हा हुकूम दिवसरात्र, फार मोठ्या आवाजात ऐकू येतो. त्या फुगतात. मावशीची गाठ ही अशी तयार झाली.

इन्सुलिन नसेल तर काय होतं, हे शंभर वर्षांपूर्वी डॉक्टर रोज पाहत होते. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोच्या इस्पितळात लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं, तेव्हा त्याचं वजन जेमतेम २९ किलो होतं. चरबीची दारं सताड उघडी, साठा वाहून चाललेला, रक्तात साखरेचा पूर आणि मुलगा हाडांचा सापळा. इन्सुलिन मिळाल्यावर अशी मुलं काही आठवड्यांत अंग धरू लागली. तेव्हा इन्सुलिनने वजन वाढतं हे खरंच आहे. त्या मुलांसाठी ते जीवदान होतं.

मावशीची गोष्ट वेगळी. तिच्या शरीरात इन्सुलिन मुळात कमी नव्हतं. १९३६ साली लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी दाखवून दिलं की मधुमेही दोन प्रकारचे असतात. काहींची साखर इन्सुलिन दिल्याबरोबर उतरते, तर काहींचं शरीर इन्सुलिनला दादच देत नाही. पुढे १९६०च्या सुमाराला न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातलं इन्सुलिन मोजण्याची पद्धत शोधली. मोठ्या वयात मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्सुलिन भरपूर असल्याचं तेव्हा आकड्यांत दिसलं. हुकूम सुटतोय, ऐकणारा बहिरा झालाय. हा बहिरेपणा येतो कुठून, याचं उत्तर मिळायला आणखी तीस-पस्तीस वर्षं जावी लागली. कारण ज्या अवयवाकडे बघायला हवं होतं त्याला कुणी अवयवच मानत नव्हतं. चरबी म्हणजे गादीतला कापूस, अशीच समजूत होती.

ती समजूत मोडण्याची सुरुवात एका लठ्ठ उंदरापासून झाली. अमेरिकेच्या मेन राज्यात बार हार्बर नावाच्या गावी जॅक्सन प्रयोगशाळा आहे. १९४९ मध्ये तिथल्या पिंजऱ्यात काही पिल्लं अचानक बेसुमार वाढू लागली. सारखी खात, जागची हलत नसत, वजन इतरांच्या तिप्पट. पुढे १९६५ मध्ये तिथंच आणखी एका वाणाचे लठ्ठ उंदीर सापडले. त्यांना लठ्ठपणाबरोबर तीव्र मधुमेहही होता. डग्लस कोलमन या शास्त्रज्ञाने एक विलक्षण प्रयोग केला. दोन उंदरांची कातडी शस्त्रक्रियेने एकमेकांना जोडली, म्हणजे एकाचं रक्त थोडं थोडं दुसऱ्यात जाईल. मधुमेही लठ्ठ उंदराला साध्या उंदराशी जोडलं, तर साध्या उंदराने खाणं सोडलं आणि तो उपाशी मेला. लठ्ठ जोडीदार मात्र खात राहिला. मग दोन्ही वाणांचे लठ्ठ उंदीर एकमेकांना जोडले. पहिल्या वाणाचा उपाशी मेला, दुसरा जाड होत राहिला.

कोलमनने काढलेला अर्थ सरळ होता. रक्तातून "पोट भरलं, आता पुरे" असा निरोप फिरतो. पहिल्या वाणाला तो निरोप तयारच करता येत नाही, पण ऐकू येतो. दुसऱ्या वाणाकडे निरोपांचा ढीग आहे, पण ऐकायला कानच नाहीत. हे अनुमान अनेकांना पटलं नाही. निरोप आहे तर दाखवा, असं म्हटलं गेलं. तो दाखवायला १९९४ उजाडलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने आठ वर्षं खपून ते जनुक शोधलं आणि डिसेंबरमध्ये ते 'नेचर'मध्ये छापून आलं. निरोप पाठवणारी होती खुद्द चरबीची पेशी. सडपातळ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्या हार्मोनचं नाव ठेवलं लेप्टिन. कोलमनचं अनुमान वीसहून जास्त वर्षांनी खरं ठरलं.

माणसांतही हे तसंच आहे का? १९९७ मध्ये केंब्रिजच्या स्टीफन ओ'राहिली आणि सदाफ फारुकी यांच्या गटाने पाकिस्तानी वंशाच्या एका कुटुंबातली दोन भावंडं पाहिली, एकमेकांची चुलत. मुलगी ८ वर्षांची, वजन ८६ किलो. मुलगा २ वर्षांचा, वजन २९ किलो. दोघांच्या रक्तात लेप्टिन जवळपास नव्हतंच. मुलीला रोज लेप्टिनचं इंजेक्शन सुरू केल्यावर वर्षभरात तिचं वजन १६ किलोंनी उतरलं. अन्नासाठी आकांत करणारं मूल इतर मुलांसारखं जेवून उठायला लागलं. त्या आईवडिलांना आजवर किती बोल ऐकावे लागले असतील, याची कल्पना करवत नाही. भूक हा संस्काराचा प्रश्न आहे असं आपण सहज म्हणून जातो. त्या घरात तो एका जनुकातल्या बिघाडाचा प्रश्न होता.

मग लेप्टिन सर्वांनाच द्यावं, लठ्ठपणा संपेल! पुष्कळांना तसं वाटलं आणि पुष्कळांची निराशा झाली. कारण सर्वसामान्य लठ्ठ माणसाच्या रक्तात लेप्टिन कमी नसतं, भरपूर असतं. जितकी चरबी जास्त तितके निरोप जास्त, आणि मेंदू ते ऐकेनासा झालेला. म्हणजे अशी माणसं दुसऱ्या वाणाच्या उंदराच्या जवळची. आता शास्त्रज्ञ असं मानतात की लेप्टिनचं खरं काम दुष्काळाची दवंडी पिटण्याचं आहे. साठा घटला, लेप्टिन उतरलं की मेंदू घाबरतो, भूक वाढवतो, खर्च आवरतो. उपास करून उतरवलेलं वजन पुन्हा का चढतं, त्याचं एक मोठं कारण हे आहे. सुकाळाच्या दवंडीकडे मात्र शरीर फारसं लक्ष देत नाही.

इथवर वाचून चरबी हीच शत्रू असं कुणाला वाटेल. तसं ते नाही, आणि याचा सगळ्यात ठोस पुरावा ज्यांच्या अंगावर चरबीच नाही अशा माणसांनी दिला आहे. लायपोडिस्ट्रॉफी नावाच्या दुर्मीळ विकारात मेदपेशी तयारच होत नाहीत किंवा नष्ट होतात. माणूस पिळदार दिसतो, शिरा वर आलेल्या असतात. अशा माणसाने सुदृढ असायला हवं. प्रत्यक्षात त्याला अत्यंत तीव्र मधुमेह होतो, यकृत चरबीने सुजतं आणि दिवसाला शेकडो युनिट इन्सुलिन देऊनही शुगर आटोक्यात येत नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने अशाच बिनचरबीच्या उंदरांच्या कातडीखाली निरोगी उंदराची चरबी बसवली आणि त्यांचा मधुमेह गेला. पुढे लेप्टिन न बनवणाऱ्या उंदराची चरबी बसवून पाहिली, तर तिचा काही उपयोग झाला नाही. तेव्हा नुसती जागा पुरत नाही, निरोपही लागतो. या विकाराच्या ९ स्त्रियांना चार महिने लेप्टिन दिल्यावर त्यांची तीन महिन्यांची सरासरी शुगर, म्हणजे एचबीए१सी, जवळजवळ दोन अंकांनी उतरल्याचं २००२ मध्ये प्रसिद्ध झालं. आज लेप्टिन औषध म्हणून मंजूर आहे ते याच रुग्णांसाठी.

मला हे समजावून घेताना आजोळची कणगी आठवते. सुगीत धान्य कणगीत गेलं की घर नीटनेटकं असे. कणगी भरली आणि पोती येतच राहिली की ती ओसरीवर, मग माजघरात, शेवटी चुलीजवळ लागत. चालायला वाट उरत नसे. कातडीखालची चरबी ही आपली कणगी आहे. ती भरली की जादा मेद यकृतात जातो, स्नायूंत जातो, स्वादुपिंडातही जातो. तिथं तो ठेवायची सोय नाही. यकृतात मेद साचला की ते इन्सुलिनचा हुकूम मानेनासं होतं आणि रात्रभर साखर तयार करत राहतं. सकाळी उपाशीपोटी शुगर २०० कशी, रात्री तर भाकरीसुद्धा खाल्ली नव्हती, असं घरोघरी विचारलं जातं. ती साखर यकृताने बनवलेली असते. आणि ज्याच्या अंगावर कणगीच नाही त्याच्या घरात पहिलं पोतंच चुलीजवळ जातं. लायपोडिस्ट्रॉफीचा अर्थ हाच.

भरलेली मेदपेशी निरोपही वेगळे पाठवते. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा बदल ॲडिपोनेक्टिनचा. १९९५-९६ मध्ये अमेरिका आणि जपानमधल्या गटांनी हे हार्मोन स्वतंत्रपणे शोधलं. रक्तात ते लेप्टिनच्या जवळपास हजारपट असतं आणि ते यकृताला व स्नायूंना इन्सुलिनचं ऐकायला लावतं. गंमत अशी की ते बनवते चरबी, पण चरबी वाढली की ते घटतं. तट्ट फुगलेल्या पेशीला हा चांगला निरोप पाठवणं जमेनासं होतं. त्याच वेळी फुगून मरू लागलेल्या मेदपेशींभोवती रक्तातल्या पांढऱ्या पेशी कडं करून जमतात. त्यांच्यातून आणि चरबीतून जळजळ वाढवणारी रसायनं सुटतात. त्यातल्या एकाचा, टीएनएफ-अल्फाचा, इन्सुलिनच्या कामात अडथळा येतो हे हार्वर्डमध्ये गोखान होतामिश्लिगिल आणि ब्रूस स्पीगेलमन यांनी १९९३ मध्ये उंदरांत दाखवलं होतं. रेझिस्टिन नावाच्या हार्मोनचाही २००१ मध्ये बराच गाजावाजा झाला, पण माणसात ते मुख्यतः पांढऱ्या पेशींत बनतं आणि त्याची भूमिका उंदरांइतकी स्पष्ट निघाली नाही.

चरबी किती यापेक्षा ती कुठं आहे याला जास्त महत्त्व आहे. मार्सेयच्या जाँ व्हाग या फ्रेंच डॉक्टरांनी १९४७ मध्येच लिहिलं होतं की मांड्या-नितंबांवरच्या चरबीपेक्षा कमरेच्या वरची, पोटाची चरबी मधुमेहाकडे जास्त नेते. आणि इथं आपण मराठी माणसं या विषयाच्या अगदी मध्यभागी येतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा: २२.३. कोणत्याही तक्त्यात दोघंही सडपातळ. मोजणी केली तेव्हा युडकिन यांच्या अंगात चरबी निघाली ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वजनकाटा जे लपवतो ते त्या एका फोटोने उघड केलं. दिसायला बारीक, आतून चरबीचा, असा हा आपला देह.

आणि हे बैठ्या नोकरीने आलेलं नाही. याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांचा पाठपुरावा सुरू केला. शेतात राबणाऱ्या, शिडशिडीत बायका. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोंची होती, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. पुण्याची बाळं सगळ्याच बाबतींत लहान होती. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. एकच गोष्ट त्या मानाने टिकून होती: खांद्याच्या फऱ्याखालची चरबीची घडी. पुण्याच्या आणि लंडनच्या बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं, तेव्हा छोट्या पुणेरी बाळांत इन्सुलिन जास्त निघालं. जन्माला येतानाच स्नायू थोडे, कणगी छोटी आणि इन्सुलिनची धडपड सुरू. पुढे त्याच मुलाला शहरात नोकरी लागते, दुपारी डबा, संध्याकाळी वडापाव, आणि चाळिशीच्या आत शुगर. पोट सुटलं की आपण कौतुकाने "खात्यापित्या घरचा" म्हणतो. ते कौतुक आता थांबवायला हवं असं मला मनापासून वाटतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतातल्या मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर निघाली. सर्व राज्यांत गोवा सर्वांत वर होता: तिथं २६.४ टक्के प्रौढांना मधुमेह. आणि देशात पोटाचा स्थूलपणा जवळजवळ ४० टक्के प्रौढांत, म्हणजे बीएमआयने मोजलेल्या स्थूलपणापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून आपल्याकडे कमरेचा घेर मोजायचा: पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या आत, बाईचा ८० च्या आत.

आता मावशीच्या प्रश्नाकडे. भरलेल्या कणगीच्या घरात बाहेरून इन्सुलिन द्यायचं म्हणजे "भरा, भरा" असा हुकूम आणखी मोठ्याने द्यायचा. त्याने शुगर उतरते, नक्की उतरते. पण जी साखर लघवीवाटे वाया जात होती ती आता अंगी लागते. शुगर मध्येच खाली गेली तर माणूस घाबरून बिस्किटं खातो. वजन चढतं, चरबी आणखी फुगते, डोस वाढवावा लागतो. इंग्लंडमध्ये पाच हजारांवर रुग्णांचा वीस वर्षं चाललेला जो मोठा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दहा वर्षांत इन्सुलिनच्या गटाचं वजन साध्या उपचारांच्या गटापेक्षा सुमारे ४ किलोंनी जास्त वाढलं होतं.

यावरून इन्सुलिन वाईट, असा निष्कर्ष काढू नका. तो धोकादायक आहे. त्याच अभ्यासात शुगर काटेकोर ठेवलेल्यांच्या डोळ्यांचे आणि मूत्रपिंडांचे विकार कमी झाले. त्याच अभ्यासाने हेही दाखवलं की मधुमेह पहिल्यांदा कळतो तेव्हा इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची ताकद आधीच निम्म्यावर आलेली असते. शरीर बहिरं असतं आणि ओरडणाराही थकलेला असतो. खूप चढलेली शुगर त्या पेशींना आणखी मारते. अशा वेळी काही दिवस बाहेरून इन्सुलिन दिलं तर त्यांना विसावा मिळतो. चीनमधल्या ९ केंद्रांत नव्याने मधुमेह झालेल्या ३८२ जणांना थोडा काळ इन्सुलिन किंवा गोळ्या देऊन शुगर सुधारली आणि मग औषध थांबवलं. हा अभ्यास २००८ मध्ये आला. वर्षानंतरही बिनऔषधाची शुगर चांगली राहिलेले इन्सुलिन पंपाच्या गटात ५१ टक्के होते, गोळ्यांच्या गटात २७. "मला इन्सुलिनवर टाकलं" हे वाक्य आपल्याकडे फाशीची शिक्षा सांगितल्यासारखं म्हटलं जातं. मावशीला इन्सुलिन सांगितलं तेव्हा ती दोन दिवस जेवली नव्हती. याच भीतीपोटी लोक वर्षानुवर्षं २५०-३०० शुगर अंगावर काढतात. पाय बधिर होतात, नजर जाते, आणि मग इन्सुलिन सुरू होतं. मग दोष इन्सुलिनला.

मावशीचं चुकत होतं ते वेगळ्या ठिकाणी. तिचं वजन ७८ किलो, आणि रात्रीचा डोस वाढत वाढत ४६ युनिटवर गेला होता. रात्रीच्या लांब पल्ल्याच्या इन्सुलिनचा डोस किलोमागे अर्ध्या युनिटच्या पुढे, म्हणजे तिच्या बाबतीत ३९ च्या पुढे गेला, की तो आणखी वाढवत नेण्याऐवजी थांबून विचार करावा, असं डॉक्टरांमध्ये आता मानलं जातं. टोचण्याची जागा खराब आहे का? इन्सुलिनच्या जोडीला काही हवं का? चरबीचं ओझं उतरवायला काय करतोय?

जोडीला देण्यासारखं सर्वांत जुनं आणि स्वस्त म्हणजे मेटफॉर्मिन. ते यकृताला साखर बनवण्यापासून आवरतं आणि इन्सुलिनबरोबर घेतलं तर वजनाची वाढ रोखतं. इन्सुलिन सुरू झालं म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करणारे पुष्कळ भेटतात. तसं करू नये. पायोग्लिटाझोनची गोष्ट तर या विषयाचा गाभाच उलगडून दाखवते. हे औषध थेट मेदपेशीवर काम करतं. कातडीखाली नव्या, छोट्या, निरोगी मेदपेशी तयार होतात, ॲडिपोनेक्टिन वाढतं, यकृतातली चरबी उतरते. वजन वाढतं आणि तरीही इन्सुलिन चांगलं लागू पडतं! कणगी मोठी केली, चुलीजवळची पोती हलली. पण त्याने अंगात पाणी साठतं, इन्सुलिनबरोबर जास्तच, आणि हृदय कमजोर असलेल्यांना ते चालत नाही. जून २०१३ मध्ये भारत सरकारने ते बंद केलं आणि जुलैअखेर इशाऱ्यांसह पुन्हा परवानगी दिली. अलीकडची जीएलपी-१ गटाची इंजेक्शनं भूक आवरतात, वजन उतरवतात आणि इन्सुलिनचा डोस कमी करायला मदत करतात. मार्च २०२५ मध्ये या गटाच्या जवळचं टिर्झेपॅटाइड भारतात आलं. त्यांची किंमत आणि पोटाचे त्रास लक्षात घेऊनही माझं मत असं की वजन हीच मुख्य अडचण असलेल्या माणसाचं नुसतं इन्सुलिन वाढवत नेण्यापूर्वी डॉक्टरांशी याबद्दल बोलायलाच हवं.

पोती हलवण्याचा मूळ मार्ग अर्थात कमी धान्य आणण्याचा. न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांनी २०११ मध्ये मधुमेहींना आठ आठवडे अत्यंत कमी उष्मांकांवर ठेवलं. पहिल्याच आठवड्यात यकृतातली चरबी घटली आणि उपाशीपोटीची शुगर ताळ्यावर आली. नंतरच्या मोठ्या अभ्यासात वर्षअखेरीस ४६ टक्के लोकांचा मधुमेह गोळ्यांशिवाय आटोक्यात होता. टेलर म्हणतात, प्रत्येकाची चरबी पेलण्याची आपली अशी मर्यादा असते. ती ओलांडली की मधुमेह, मग वजन ६० किलो असो वा १००. आपली कणगी छोटी, म्हणून आपली मर्यादा लवकर येते. उलट बाजूने पाहिलं तर थोडं वजन उतरूनही फरक पडण्याची आशा असते. मात्र त्या मोठ्या अभ्यासात इन्सुलिन घेणाऱ्यांना घेतलं नव्हतं. इन्सुलिन चालू असताना आपल्या मनाने खाणं तोडणं म्हणजे शुगर धोक्याइतकी खाली जाणं. ते डॉक्टरांच्या नजरेखालीच करायचं.

सिस्टरांना गाठ लागली त्या दिवशी मावशीचा डोस आधी कमी करण्यात आला आणि मग जागा बदलली. आता पोटाचे चार भाग, दोन मांड्या, अशी पाळी लावून ती टोचते. दर वेळी आधीच्या जागेपासून बोटभर सोडून. मधे बंद पडलेलं मेटफॉर्मिन पुन्हा सुरू आहे. रात्रीचं जेवण साडेसातला, भाकरी एक, भात बंद. आठ महिन्यांत वजन ७१ झालं आणि रात्रीचं इन्सुलिन २२ युनिटवर आलं. गाठ अजून आहे, पण मऊ पडत चालली आहे. सिस्टरांनी तिला आणखी एक गोष्ट दाखवली. आपल्याकडच्या बाटलीतलं इन्सुलिन बहुधा ४० युनिटचं असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटचं इन्सुलिन त्या सिरिंजने घेतलं तर डोस अडीचपट जातो. बाटली आणि सिरिंज जुळते का, हे ती आता चष्मा लावून दर वेळी पाहते. गावी वीज गेली तर बाटली घट्ट झाकणाच्या डब्यात घालून माठात ठेवते, बर्फात कधीच नाही.

तुमच्या घरी कुणी इन्सुलिन घेत असेल तर आज त्यांच्या टोचण्याच्या जागेवरून सावकाश बोट फिरवून पाहा. गाठ लागली तर तिथं टोचणं थांबवायचंच, पण जागा बदलण्याआधी डॉक्टरांना फोन करा. चांगल्या जागेतून तेवढंच इन्सुलिन जास्त लागू पडतं आणि डोस तोच ठेवला तर शुगर एकाएकी खाली येऊ शकते.